हायलुरॉनिक अ‍ॅसिड सिरम: आपल्या त्वचेसाठी नेमकं कोणतं घ्यावं?

आर्द्रा
मंडळी, चेहऱ्यासाठी हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं सिरम घ्यायचं मनात आहे, पण बाटल्यांवरचा मजकूर वाचून वाचून डोकं भणाणलंय. एकीवर ठसठशीत '२ टक्के', दुसरीवर 'पाच प्रकारचं हायलुरॉनिक', तिसरीवर 'कमी रेण्वीय वजनामुळे खोलवर पोहोचतं', आणि चौथी म्हणते 'सर्व प्रकारच्या त्वचेसाठी'. सगळ्यांनाच चालत असेल, तर मग तेलकट त्वचेचं वेगळं आणि कोरड्या त्वचेचं वेगळं असं का विकतात?

माझ्या त्वचेबद्दल: कपाळ आणि नाक दुपारपर्यंत चमकायला लागतं. गाल मात्र तोंड धुतलं की लगेच ओढल्यासारखे होतात, आणि हसल्यावर डोळ्यांच्या कडेला चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारख्या बारीक रेषा दिसतात. हनुवटीवर अधूनमधून पुरळ येते. सुवासिक क्रीम लावलं की गाल चुरचुरतात.

आतापर्यंत जे वाचलं त्यावरून माझं मत असं झालंय की टक्क्यांच्या मागे न लागता बाटलीत बाकी काय काय आहे ते बघून निवडावं. तुम्हाला काय वाटतं? अनुभव सांगताना आपली त्वचा कशी आहे तेही लिहा, म्हणजे कुणाचा अनुभव कुणाच्या कामाचा ते कळेल.

निशिगंध
माझी त्वचा कोरडी. बरीच वर्षं वापरतेय आणि सोडायचा विचार नाही. एकच सांगते, चेहरा ओलसर असताना लाव आणि वरून क्रीम लावच. कोरड्या चेहऱ्यावर लावून तसंच ठेवलंस तर थोड्या वेळाने आधीपेक्षा जास्त ओढतं.

कोराकागद
ओलसर म्हणजे किती? पाणी ठिबकत असताना लावायचं का?

निशिगंध
@कोराकागद, नाही हो. टॉवेल नुसता टेकवून पाणी टिपायचं, घासून कोरडं करायचं नाही. हाताला गार लागतं पण ओघळ येत नाही, इतपत. सिरमचे दोन-तीन थेंब तळहातावर घ्यायचे आणि गालांवर दाबत लावायचे. आधी बोटं घसरतात, मग किंचित चिकटायला लागतात. तो चिकटपणा पूर्ण जायच्या आत क्रीम लावायचं. पंख्याखाली उभं राहून सिरम 'वाळवायची' अनेकांना सवय असते, ती मात्र सोडून द्या.

सडेतोड
माझं मत जरा वेगळं आहे. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा एवढा गाजावाजा का होतो हेच मला समजत नाही. ग्लिसरीन तेच काम करतं, किती तरी जुनं आहे, स्वस्त आहे, आणि त्याचा रेणू इतका लहान की त्वचेच्या वरच्या थरात आरामात शिरतो. चांगलं ग्लिसरीन असलेलं क्रीम वापरणाऱ्याला वेगळ्या सिरमची गरजच नाही. माझी त्वचा तेलकट-कोरडी मिश्र, हिवाळ्यात फुटते. एका साध्या क्रीमवर माझं सगळं छान चालतं.

मुक्ता_
+१ सडेतोड. पण सिरम लावल्यावर चेहरा जो तुकतुकीत दिसतो ना, तो ग्लिसरीनने माझा तरी दिसत नाही. तेलकट त्वचा. जाड क्रीम मला अजिबात सोसत नाही, म्हणून मला तर सिरमच बरं.

रसायनी
मी सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्येच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हायलुरॉनिक अ‍ॅसिड म्हटल्यावर काही जण 'अ‍ॅसिड' शब्दाला घाबरतात. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिकसारखं हे त्वचा सोलणारं अ‍ॅसिड नाही. ही साखरेच्या जातीच्या दोन घटकांची एकाआड एक गुंफलेली लांबलचक साखळी आहे. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ती गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून पहिल्यांदा वेगळी केली. आपल्या शरीरात ती असतेच. साधारण ७० किलोच्या माणसात अंदाजे १५ ग्रॅम, त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या त्वचेत. आणि शरीर रोज त्यातली जवळजवळ एक तृतीयांश मोडून नवी बनवतं.

आता जाहिरातीतल्या तीन गोष्टी.

'स्वतःच्या वजनाच्या १००० पट पाणी धरतं.' हिशोब करून बघा. १ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात, म्हणजे ०.१ टक्क्याचं द्रावण. लांब साखळीचं हायलुरॉनिक एवढ्याशा प्रमाणातही पाण्याला जरा बुळबुळीत करतं हे खरं. पण ते पाणी काही कुलूपबंद होत नाही, हवेत उडून जाऊ शकतंच. चेहऱ्यावर १००० पट पाणी साठून राहतं असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

'२ टक्के.' लांब साखळीचं हायलुरॉनिक १ टक्का घातलं तरी घट्ट जेल होते. बाटलीवर २ टक्के लिहिलंय आणि आतलं सिरम पाण्यासारखं वाहतंय, तर एक तर साखळ्या बऱ्याच तोडलेल्या आहेत, नाही तर ते २ टक्के आधीच पाण्यात विरघळवलेल्या मिश्रणाचे आहेत. दोन्हीत फसवणूकच आहे असं नाही, पण दोन बाटल्यांवरच्या टक्केवारीची सरळ तुलना होत नाही, हे लक्षात असू द्या.

'खोलवर पोहोचतं.' त्वचेच्या वरच्या मृत पेशींच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठे रेणू सहजी आत जात नाहीत, असा एक ढोबळ नियम आम्ही वापरतो. ग्लिसरीन ९२ डाल्टनचं. हायलुरॉनिकच्या साखळीतली घटकांची एक जोडीच ४०० च्या घरात, आणि अख्खी साखळी काही हजारांपासून १० लाखांच्याही पुढे. लांब साखळी वरच बसते आणि पातळ पापुद्रा तयार करते. आखूड साखळ्या वरच्या थरात थोड्या शिरतात. पण सुरकुत्या भरून काढण्याइतकं काही आत पोहोचत नाही.

सडेतोड, ग्लिसरीनबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. फक्त एक फरक. ग्लिसरीनचं प्रमाण वाढवत नेलं की चिकचिक होते, आणि हायलुरॉनिकचा पापुद्रा हलका, गुळगुळीत लागतो. मुक्ता_ ज्याला तुकतुकीत म्हणतात ते बहुतेक तेच. म्हणून बऱ्याच चांगल्या सिरममध्ये दोन्ही एकत्र असतात.

फुलवा
वा रसायनीजी, वाचनखूण साठवली!
एक शंका. माझ्या बाटलीवर घटकांमध्ये हायलुरॉनिक अ‍ॅसिड हे नावच नाही. 'सोडियम हायलुरोनेट' आहे. फसले का मी?

रसायनी
@फुलवा, अजिबात नाही. ते त्याचंच क्षाररूप, टिकायला आणि मिसळायला सोपं. बहुतेक सिरममध्ये तेच असतं. 'हायड्रोलाइज्ड हायलुरॉनिक अ‍ॅसिड' म्हणजे तोडलेल्या आखूड साखळ्या. 'सोडियम हायलुरोनेट क्रॉसपॉलिमर' म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडून केलेलं जाळं, ते वरच राहतं. 'सोडियम अ‍ॅसिटिलेटेड हायलुरोनेट' त्वचेला जरा जास्त चिकटून राहतं. 'पाच प्रकारचं' असं लिहिलेलं असतं तिथे हीच मंडळी गोळा केलेली असतात.

निशिगंध
म्हणजे पाच प्रकार असण्यात फायदा आहे की नाही?

रसायनी
लांब आणि आखूड असे दोन प्रकार असले तर थोडाफार फरक जाणवू शकतो. त्यापुढे आकडा वाढला की फायदा वाढतोच, असं मी ग्राहक म्हणूनही मानत नाही. ज्यांची त्वचा पटकन लाल होते त्यांना मी उलट लांब साखळीचं साधं सिरम सुचवेन. खूप आखूड तुकडे काही संवेदनशील त्वचांना चुरचुरतात अशा तक्रारी येतात.

त्वचावैद्य
चर्चा छान चालली आहे. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून थोडी भर घालते.

आर्द्रा, तुम्ही जे वर्णन केलंय त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निवडीचं सगळं गणित तिथेच आहे. त्वचा कोरडी असणं म्हणजे तेल कमी असणं. हा त्वचेचा स्वभाव असतो. त्वचेतलं पाणी कमी होणं ही मात्र अवस्था असते, येते आणि जाते, आणि ती तेलकट त्वचेतही होते. वरून चमकणारं कपाळ आणि तरीही ओढल्यासारखा चेहरा घेऊन माझ्याकडे कितीतरी जण येतात. बरेचदा पुरळ घालवायला कडक फेसवॉश दिवसातून चार-चार वेळा वापरलेला असतो. अशांना तेल नको असतं, पाणी हवं असतं.

ओळखायचं कसं, तर सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, काहीही न लावता अर्धा-पाऊण तास जाऊ द्या आणि मग आरशासमोर उजेडात बघा. सगळीकडे ओढ आणि बारीक कोंडा असेल तर कोरडी. सगळीकडे चमक असेल तर तेलकट. कपाळ-नाक-हनुवटी चमकतेय आणि गाल नाहीत, तर मिश्र. चमक असूनही ओढ असेल आणि गाल हलकेच दाबल्यावर पृष्ठभागावर बारीक रेषा उमटत असतील तर पाणी कमी.

आता निवड. तेलकट किंवा पुरळ येणारी त्वचा: पाण्यासारखं किंवा हलक्या जेलसारखं, तेलविरहित सिरम, सोबत नायासिनामाइड (व्हिटॅमिन बी-३ चा एक प्रकार) असलं तर उत्तम. हायलुरॉनिकमुळे रोमछिद्रं बुजत नाहीत. पुरळ वाढलीच तर संशय त्यातल्या इतर घटकांवर घ्या. कोरडी त्वचा: थोडं दाटसर, सोबत ग्लिसरीन, पँथेनॉल, स्क्वालेन असे ओलावा आणि मऊपणा देणारे घटक, आणि वरून सिरॅमाइडवालं (त्वचेच्या वरच्या थरात मुळातच असणाऱ्या स्निग्ध घटकांचं) दाट क्रीम. एकटं सिरम कोरड्या त्वचेला कधीच पुरत नाही, कारण त्यात तेल पुरेसं नसतं. संवेदनशील: घटकांची यादी जितकी छोटी तितकी चांगली, सुगंध नको, सुगंधी तेलं नकोत.

आणि एक कळकळीची विनंती. त्वचा सतत लाल, खाजरी, भेगाळलेली असेल तर सिरम बदलत बसू नका. एक्झिमा, रोझेशिया, सेबोरिक डर्मटायटिस यांना उपचार लागतात. बाटल्या बदलण्यात महिने घालवून मग दवाखान्यात आलेले रुग्ण पाहिले की फार वाईट वाटतं.

सडेतोड
@त्वचावैद्य, सुंदर प्रतिसाद. पण मग तुम्हीच सांगा, ग्लिसरीनवालं क्रीम असताना सिरम हवंच का?

त्वचावैद्य
@सडेतोड, हवंच असं मी कुणालाच सांगत नाही. तुमचं क्रीमवर भागतंय ना, मग भागू द्या. सिरमचा खरा उपयोग मला तीन ठिकाणी दिसतो: ज्यांना दाट क्रीम सोसत नाही अशी तेलकट त्वचा, रेटिनॉइड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडसारख्या पुरळीवरच्या औषधांनी कोरडी पडलेली त्वचा, आणि एसीत दिवस काढणारे लोक. पैसे मोजकेच असतील तर मी आधी सनस्क्रीन, मग मॉइश्चरायझर आणि उरले तर सिरम असा क्रम लावेन.

टिवटिव
एसीचा विषय निघालाच आहे तर, हवा कोरडी असली की हायलुरॉनिक त्वचेच्या आतलंच पाणी ओढून घेतं असं सगळीकडे वाचते. खरं का हे? मी दिवसभर एसीत बसते आणि हे वाचल्यापासून बाटली कपाटात आहे.

निशिगंध
खरं आहे. विमानात मला स्पष्ट जाणवतं. नुसतं सिरम लावून बसले की उतरेपर्यंत गाल तडतडतात.

रसायनी
जाणवतं हे मान्य, कारणाबद्दल मात्र माझं मत वेगळं. वरच बसलेली एवढी मोठी साखळी खालच्या थरांतलं पाणी उपसून घेते, हे मला पटत नाही. होतं असं की सिरममधलं पाणी उडून जातं, पापुद्रा वाळतो, आणि वाळताना तो आक्रसतो. तो ताण आपल्याला 'ओढल्यासारखं' वाटतो. काचेवर सिरमचा एक थेंब पसरून वाळू द्या आणि नखाने खरवडून बघा, पारदर्शक पापुद्र्याची साल निघते. चेहऱ्यावरही तेच होतंय.

निशिगंध
पण त्वचा नंतर खरंच कोरडी दिसते. नुसतं ओढणं नाही, नाकाच्या बाजूला पांढरं कोंड्यासारखं दिसतं. पापुद्र्याने कोंडा कसा येईल?

रसायनी
तो बरेचदा सुटत आलेल्या मृत पेशी आणि वाळलेला पापुद्रा, दोन्हींचा मिळून असतो. आणि विमानातली हवा इतकी कोरडी असते की सिरम न लावताही त्वचेतलं पाणी भराभर उडतंच. दोष हवेचा, नाव हायलुरॉनिकचं.

निशिगंध
हं. मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण काचेचा प्रयोग करून बघते.

त्वचावैद्य
तुमच्या दोघांचंही कारण बाजूला ठेवलं तरी उपाय एकच आहे, वरून क्रीम. @टिवटिव, बाटली कपाटातून बाहेर काढा आणि नुसती लावून सोडू नका, एवढंच.

हरिततृण
थोडं अवांतर. हे हायलुरॉनिक प्राण्यांपासून काढतात ना? कोंबड्याच्या तुऱ्यातून काढतात असं वाचलं होतं.

रसायनी
@हरिततृण, पूर्वी मोठ्या प्रमाणावर तसंच काढत, आणि काही वैद्यकीय उत्पादनांत तो स्रोत अजूनही आहे. आता प्रसाधनांसाठीचं बहुतेक सगळं जिवाणूंकडून आंबवण्याच्या प्रक्रियेने बनवून घेतात. पण घटकांच्या यादीतल्या नावावरून स्रोत कळत नाही. बाटलीवर 'व्हीगन' लिहिलेलं असेल तर ठीक, नाही तर कंपनीला विचारावं लागतं.

सुरभी२
माझा जरा वेगळा प्रश्न आहे. माझी १३ वर्षांची लेक हट्ट धरून बसलीय की तिलाही सिरम हवं. मैत्रिणींकडे आहे म्हणे. त्वचा अगदी छान आहे तिची. देऊ का? हायलुरॉनिकच आहे, म्हणजे निरुपद्रवी असेल असं वाटतं.

त्वचावैद्य
@सुरभी२, नुसत्या हायलुरॉनिकने तिला काही अपाय होईल असं नाही. पण तिला त्याची गरजही नाही. त्या वयात त्वचेत पाणी धरून ठेवण्याची ताकद भरपूर असते. मला खरी काळजी वाटते ती त्या बाटलीसोबत येणाऱ्या बाकीच्या बाटल्यांची. 'संच' म्हणून विकतात त्यात रेटिनॉल असतं, एएचए (त्वचा सोलणारं अ‍ॅसिड) असतं, कधी जास्त टक्क्यांचं व्हिटॅमिन सी असतं. कोवळ्या त्वचेवर त्याने लाली, चुरचुर, कधीकधी चांगलीच जळजळ होते. सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढं तिला हौसेने घेऊन द्या. सोबत बसून तिला घटकांची यादी वाचायला शिकवा. मुलींना ते फार आवडतं, माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मुली तर स्वतःच लेबलं वाचून मला प्रश्न विचारतात.

सुरभी२
हे अगदी पटलं. यादी वाचायचं काम तिलाच देते. आभार डॉक्टर.

दाढीपुराण
पुरुषांनी या धाग्यावर यावं की नाही कळत नव्हतं, पण सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो. दाढी केल्यावर मी वर्षानुवर्षं अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह लावायचो. त्याने गळ्यावर लाल पुटकुळ्या उठायच्या. आता दाढी झाली की गार पाण्याने धुवून ओल्या त्वचेवरच हायलुरॉनिक आणि पँथेनॉलची जेल लावतो, वरून हलकं क्रीम. आग होत नाही आणि पुटकुळ्या जवळजवळ गेल्या. माझी त्वचा तेलकट, केस राठ.

मुक्ता_
या की दाढीपुराण, त्वचा सगळ्यांनाच असते! तुमचा अनुभव भावाला पाठवतेय.

केतकी
कुणी फिलरबद्दल बोललं नाही अजून. डोळ्यांखालच्या खळग्यांसाठी सिरम पुरेल की फिलरच करावं लागेल? दोन्हींत हायलुरॉनिकच असतं ना?

त्वचावैद्य
@केतकी, नाव एक, काम पूर्ण वेगळं. फिलरमध्ये एकमेकींना जोडलेल्या साखळ्यांची घट्ट जेल सुईने त्वचेच्या आत सोडतात आणि ती महिनोन्महिने टिकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा पहिल्या फिलरला २००३ मध्ये मान्यता दिली. नको वाटलं तर हायलुरॉनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) टोचून ते विरघळवता येतं. सिरम वरच्या थरात पाणी धरतं, त्यामुळे पाणी कमी झाल्याने आलेल्या बारीक रेषा काही तास कमी दिसतात. खळगा त्याने भरत नाही. फिलर करायचंच असेल तर ते प्रशिक्षित डॉक्टरकडेच, पार्लरमध्ये कधीही नाही. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, दृष्टीवरही बेतू शकतं. यात अजिबात तडजोड करू नका.

फुलवा
मला एक त्रास होतो, तो कुणाला होतो का सांगा. सिरम, त्यावर क्रीम, त्यावर सनस्क्रीन लावलं की जबड्याच्या कडेला आणि कानाजवळ खोडरबराच्या चुऱ्यासारख्या बारीक पांढऱ्या वळकट्या निघतात. जितकं चोळावं तितक्या वाढतात. सगळं धुवून पुन्हा करावं लागतं, आणि सकाळी तेवढा वेळ कुणाकडे असतो?

रसायनी
@फुलवा, याला पिलिंग म्हणतात. हायलुरॉनिकचा पापुद्रा नीट बसायच्या आत वरून सिलिकॉनवालं काही चोळलं की दोन्ही थर एकमेकांवरून सरकतात आणि गुंडाळतात. सिरम कमी घ्या, चेहऱ्याला दोन-तीन थेंब पुष्कळ होतात. क्रीम लावून थोडं थांबा. सनस्क्रीन गोल-गोल चोळण्याऐवजी एकाच दिशेने पसरून दाबा. त्यानेही थांबलं नाही तर त्या सिरममध्ये झँथन गम किंवा कार्बोमर असं दाटपणा आणणारं काही जास्त असेल. मग दुसरं सिरम बघा किंवा सकाळी सिरम गाळून रात्रीच लावा. सनस्क्रीन मात्र कमी करू नका, त्याचा थर भरपूरच हवा.

आर्द्रा
बापरे, केवढी माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते.

डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं. कपाळ-नाक चमकलं, गाल ओढले आणि दाबल्यावर रेषाही उमटल्या. म्हणजे मिश्र, आणि गालांत पाणी कमी. आता दोन बाटल्यांवर येऊन थांबलेय. घटक जसे छापलेत त्याच क्रमाने लिहिते.

पहिली: पाणी, ग्लिसरीन, ब्युटिलीन ग्लायकॉल, पँथेनॉल, सोडियम हायलुरोनेट, फिनॉक्सिइथेनॉल, हायड्रोलाइज्ड हायलुरॉनिक अ‍ॅसिड, झँथन गम, इथाइलहेक्सिलग्लिसरीन.

दुसरी (ही २ टक्के वाली): पाणी, अल्कोहोल डिनॅट, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सोडियम हायलुरोनेट, व्हिटॅमिन ई, फिनॉक्सिइथेनॉल, परफ्यूम, लिमोनीन, लिनालूल, निळा रंग.

माझा कल पहिलीकडे आहे. पण दुसरीला खूप जणांनी वाखाणलंय आणि ती हातावर घेतली की क्षणात जिरते. पहिली जरा चिकट लागते.

सडेतोड
पहिली! दुसरं नावच ग्लिसरीन आहे, म्हणजे माझंही मन राखलं जाईल.

रसायनी
पहिली. दुसरी 'क्षणात जिरते' कारण त्यातलं अल्कोहोल उडून जातं. यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे म्हणजे चांगल्यापैकी प्रमाणात आहे. परफ्यूम, लिमोनीन, लिनालूल हे तिन्ही सुगंधाचे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की सुवासिक क्रीमने गाल चुरचुरतात, मग हे लावूच नका. निळ्या रंगाचा त्वचेला काहीही उपयोग नाही.

यादी वाचायची एक युक्ती सांगतो. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण १ टक्क्याच्या खालचे कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा असते. फिनॉक्सिइथेनॉल हे संरक्षक सहसा १ टक्क्यापर्यंतच घालतात, युरोपात तर तशी कायद्याचीच मर्यादा आहे. म्हणजे त्याच्या नंतर जे काही छापलंय ते सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी समजा. पहिलीतले तोडलेले तुकडे त्याच्या नंतर आहेत, म्हणजे थोडेच आहेत, आणि तुमच्या गालांसाठी ते बरंच आहे.

निशिगंध
चिकटपणाचं टेन्शन घेऊ नकोस गं. वरून क्रीम लागलं की जाणवतही नाही. कपाळाला आणि नाकाला अगदी हलका हात, गालांना थोडं जास्त. सगळ्या चेहऱ्याला सारखंच लावायला पाहिजे असं कुठे आहे?

त्वचावैद्य
पहिलीच. निशिगंध यांनी सांगितलेली पद्धत मिश्र त्वचेला अगदी योग्य. कपाळ-नाकाला वरून जेल क्रीम, गालांना सिरॅमाइडवालं क्रीम, असं दोन ठिकाणी दोन लावलं तरी चालेल.

सुरू करण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे रोज थोडंसं लावून काही दिवस बघा. लाली, खाज आली नाही तर चेहऱ्यावर घ्या. आणि त्या काळात दुसरं कुठलंही नवं उत्पादन सुरू करू नका, नाही तर कशाने काय झालं हे कळणारच नाही.

आर्द्रा
ठरलं, पहिली. मला जे वाटत होतं ते कारणांसकट कळलं याचा फार आनंद झाला. शेवटचे दोन प्रश्न. मी सकाळी व्हिटॅमिन सी लावते, ते आधी की हे आधी? आणि उपयोग होतोय की नाही हे किती दिवसांनी कळेल?

त्वचावैद्य
व्हिटॅमिन सी आधी, थेट त्वचेवर. विशेषतः एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड असेल तर ते आम्लधर्मी असतं आणि कोरड्या त्वचेवर लावलेलं बरं. ते बसलं की चेहऱ्यावर पाण्याचा हलका फवारा किंवा ओला हात फिरवा, मग हायलुरॉनिक, मग क्रीम, मग सनस्क्रीन. रात्री रेटिनॉल वापरायला लागलात तर त्याच्या वरून हे लावता येतं.

ओढ कमी होणं पहिल्याच दिवशी जाणवायला हवं, त्यासाठी थांबावं लागत नाही. पुरळ वाढतेय का हे कळायला मात्र काही आठवडे जावे लागतात. गाल चुरचुरले तर त्याच क्षणी धुवून टाका, 'सवय होईल' म्हणून सहन करू नका. आणि फेसवॉशही तपासा. तो कडक असेल तर कितीही चांगलं सिरम घेतलंत तरी गाल ओढतच राहतील.

कोराकागद
एक राहिलंच. ड्रॉपर थेट गालावर टेकवून लावलं तर चालतं का? मी तसंच करतो.

रसायनी
@कोराकागद, टेकवू नका. त्वचेवरचे जिवाणू ड्रॉपरबरोबर बाटलीत जातात, आणि सिरममध्ये पाणीच पाणी असतं, त्यांना वाढायला ते चांगलं फावतं. संरक्षक असतं, पण त्यालाही मर्यादा आहेत. थेंब तळहातावर घ्या. बाटलीच्या मागे उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६ किंवा १२ लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने ती वापरायची. उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवरच लिहून ठेवा. वास, रंग किंवा दाटपणा बदलला तर मुदत शिल्लक असली तरी टाकून द्या.